गळ टाकण्याआधी: परवाना, माशांचा साठा आणि आपला वाटा

सातारा-सांगलीला समुद्र नाही, पण गळाची हौस मोठी. कऱ्हाडहून रात्री निघायचं, पाटण-कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत गुहागरच्या बाजूला खडकावर उभं राहायचं, असं करणारे बरेच आहेत. सांगली-मिरजेकडचे लोक आंबा घाटानं रत्नागिरी गाठतात. ज्यांना तेवढी सवड नाही ते कृष्णाकाठी, धोम-कण्हेर-उरमोडीच्या पाण्यावर किंवा वारणेच्या डोहावर बसतात. या सगळ्यांच्या तोंडी दोन प्रश्न असतात. परवाना लागतो का? आणि मासे कमी झाले ते ट्रॉलरवाल्यांमुळे, मग आपल्या एका गळानं असा काय फरक पडणार? हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून दोन्हींची उत्तरं एकत्रच द्यावी लागतात.

परवाना कुणाला, कुठे

आधी समुद्राचं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचं नियमन राज्य करतं. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत ते केंद्राकडे आहे. राज्याचा कायदा म्हणजे ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१’. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन दंड बरेच वाढले. या कायद्यातली परवान्याची सगळी रचना नौकेसाठी आहे: नौका कोणाची, जाळं कोणतं, कोणत्या पट्ट्यात टाकायचं. खडकावर रॉड घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा त्यात विचारच केलेला नाही. म्हणून ‘किनाऱ्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही’ असं लोक सांगतात.

पण परवाना नाही म्हणजे नियम नाहीत, असा त्याचा अर्थ होत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ सगळ्यांनाच लागू आहे. समुद्री कासव, करवत मासा, व्हेल शार्क आणि भीमकाय गोब्रा हे त्यातले संरक्षित जीव आहेत. चुकून गळाला लागले तरी फोटोसाठी वर ओढून खडकावर आडवे करायचे नाहीत, पाण्यातच सोडवायचे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि त्याच्या गाभाक्षेत्रात मासेमारी बंद आहे. शिवाय २०२३ साली राज्यानं ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. त्यात पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० आणि घोळ ७०० मिलिमीटर असे आकडे आहेत. जाळ्यात आला काय नि गळाला लागला काय, ३० सेंटिमीटरची सुरमई पिल्लूच असते.

होडी भाड्यानं घेत असाल तर गोष्ट बदलते, कारण आता तुम्ही नौकेवर आहात. मासेमारी नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. त्याची सुरुवात ‘आयएनडी-एमएच’ अशी असते. तो नसेल तर पाय ठेवू नका. मासेमारीचा परवाना हा प्रवासी नेण्याचा परवाना नव्हे. प्रवासी नौकांची तपासणी आणि परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतो, तेव्हा होडीवाल्याला तोही विचारायचा. माणशी एक लाइफ जॅकेट निघण्याआधी डोळ्यांनी मोजून घ्यायचं. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या काळात कोणी ‘चला, गुपचूप फेरी मारू’ म्हणालं तर ते कायद्यानंही चूक आणि जिवाशीही खेळ.

धरणाचं गणित अगदी वेगळं. बहुतेक जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. संस्था दर वर्षी पैसे मोजून मत्स्यबीज, म्हणजे बोटुकली, पाण्यात सोडते. तिथला कटला, रोहू, मृगळ बहुतांशी या बोटुकलीतूनच वाढलेला असतो, कारण या माशांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं आणि साठलेल्या धरणात ते सहसा जमत नाही. त्यामुळे संस्थेला न विचारता ओढलेला ४ किलोचा कटला हा कोणाच्या तरी गुंतवणुकीतून उचललेला असतो. काठावरच्या गावात चौकशी केली की संस्थेचा माणूस लगेच सापडतो. पुष्कळ ठिकाणी थोडे पैसे घेऊन किंवा नुसतं सांगितलं तरी बसू देतात. न विचारता बसलं की मात्र भांडण ठरलेलं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या हद्दीतल्या पाण्यात, म्हणजे शिवसागर (कोयना) आणि वसंतसागर (चांदोली) जलाशयांच्या जंगलाकडच्या भागात, वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचंच नाही, गळ तर दूरच.

साठा म्हणजे नेमकं काय

‘माशांचा साठा’ म्हणजे समुद्रात एकूण मासे किती, एवढंच नव्हे. एका प्रजातीचे, एका भागात राहून आपसांत प्रजनन करणारे मासे म्हणजे एक साठा. तो दोन तऱ्हांनी खालावतो. पहिली तऱ्हा: मासे पुरते वाढायच्या आत पकडले जातात. वजन कमी भरतं, पण अंडी घालणारे अजून शिल्लक असतात, त्यामुळे हात आखडला तर साठा सावरतो. दुसरी तऱ्हा जास्त वाईट: अंडी घालणारेच इतके कमी होतात की पुढची पिढी नीट उभी राहत नाही. मग दोन-चार वर्षं बंदी घालूनही लवकर काही हाती लागत नाही.

लांबीचं इतकं महत्त्व का, ते इथे कळतं. मासा लांबीनं दुप्पट झाला की वजनानं अंदाजे आठपट होतो, आणि अंड्यांची संख्या साधारण वजनाच्या मागे वाढत जाते. म्हणजे एक मोठी मादी कित्येक लहान माद्यांच्या बरोबरीची असते. गळवाल्याला नेमका मोठाच मासा हवा असतो, आणि आपला त्रास तिथेच सुरू होतो.

जिताड्याचं उदाहरण घ्या. खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या कडेला रॉडवाल्यांचा सगळ्यात आवडता मासा. तो नर म्हणून प्रौढ होतो आणि पुढे काही वर्षांनी, साधारण ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर, मादी होतो. म्हणजे खाडीतले मीटरभर लांबीचे बहुतेक जिताडे माद्याच म्हणायच्या. ‘आम्ही लहान सोडतो, मोठेच ठेवतो’ असं अभिमानानं सांगणारा गळवाला या माशाच्या बाबतीत एकामागून एक माद्याच उचलत असतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात याच माशाला ५८ सेंटिमीटरच्या खाली आणि १२० सेंटिमीटरच्या वर, दोन्हीकडून बंदी आहे, ती याच कारणानं. आपल्याकडे वरची मर्यादा कोणी घातलेली नाही. ती आपणच घालून घ्यायची: जिताडा ९० सेंटिमीटरच्या वर गेला की फोटो काढा आणि सोडा.

गोब्रा (हेकरू) बरोबर उलटा. तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. मोठे गोब्रे संपले की अंडी असतात, पण ती फळवायला नर पुरत नाहीत. शिवाय हा मासा एका खडकाच्या कपारीत वर्षानुवर्षं राहतो. ट्रॉलरचं जाळं खडकात जात नाही, गळ मात्र बरोबर कपारीच्या तोंडाशी पोहोचतो. ‘एका गळानं काय होणार’ याचं उत्तर इथे मिळतं. बांगडा-तारलीच्या साठ्यावर गळानं खरंच काही होत नाही. तिथला भार ट्रॉलर, पर्ससीन (थव्याभोवती वेढा घालून खालून आवळायचं जाळं) आणि एलईडीवाल्यांचा (दिव्यांच्या झोतानं मासे गोळा करणाऱ्यांचा) आहे आणि तो कितीतरी पटींनी मोठा आहे, हे निःसंकोच म्हणायला हवं. पण गावाजवळच्या एका खडकावरचे गोब्रे संपवायला दर रविवारी येणारे दहा-बारा रॉड पुरेसे असतात.

शिंगाळ्याची तऱ्हा आणखी निराळी. समुद्रातल्या या मिशाळ माशाचा नर फळलेली अंडी तोंडात धरून राहतो, गोट्यांएवढी मोठाली. पिल्लं बाहेर पडून हिंडू-फिरू लागेपर्यंत तो जवळजवळ काही खात नाही. पश्चिम किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी असे अंडी धरलेले नर टनांनी उचलले आणि शिंगाळ्याचा साठा कोसळला. मत्स्यशास्त्रज्ञांनी हे नोंदवून ठेवलेलं आहे. शिंगाळा वर काढताना तोंडातून पिवळसर गोळे पडले तर ती अंडी आहेत. ती परत तोंडात भरता येत नाहीत. अशा जागेवरून त्या दिवशी उठायचं. (याच्या पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा, मग डॉक्टर.)

आपल्या नद्यांत काय चाललंय

पहिला मोठा पाऊस पडला की ओढ्यांना गढूळ पाणी येतं आणि नदीतले मासे उलट वर चढू लागतात. हेच चढणीचे मासे. कऱ्हाड-पाटणपासून शिराळा-वाळव्यापर्यंत त्या आठवड्यात ओढ्याकाठी गर्दी होते. गाभोळीनं पोट फुगलेले मासे पाटीनं, पागानं, काठीनं मारले जातात. चवीला ते उत्तम असतात, यात वाद नाही. पण ते वर चढतात ते अंडी घालायलाच. वर्षभर जाळं टाकून जेवढं नुकसान होत नाही तेवढं या चार-आठ दिवसांत होतं, कारण अख्ख्या वर्षाची वीण एका अरुंद ओढ्यात, गुडघाभर पाण्यात, एकदम हाताशी आलेली असते. नदीतले मासे वाढावेत असं ज्या गावाला वाटतं, त्यानं चढणीचा पहिला पंधरवडा ओढा बंद ठेवावा. एवढं एक पाळलं तरी पुष्कळ.

मरळेची शिकार बेडकाच्या आकाराच्या रबरी आमिषानं करायची सध्या चलती आहे. पावसाळ्यात शेवाळाच्या कडेला, पाण्याच्या पृष्ठभागावर केशरी-लालसर पिल्लांचा पुंजका बुडबुडत फिरताना दिसतो. नीट पाहिलं तर पुंजका क्षणभर फुटतो, पुन्हा जमतो, आणि त्याच्या खाली हातभर अंतरावर एक काळी सावली सरकत असते. ते आईबाप राखण करत असतात. पुंजक्यावर आमिष टाकलं की मरळ भुकेनं नव्हे, रागानं धावून येते, म्हणून हमखास लागते. ती उचलली की तासाभरात इतर मासे पिल्लं फस्त करतात. पुंजका दिसला की तिथे आमिष टाकायचं नाही, एवढा साधा नियम.

खडस, म्हणजे आपला महसीर, वाहत्या, गार, दगडगोट्यांच्या पाण्यात अंडी घालतो. धरणांनी त्याची वर जायची वाट अडवली आणि वाळू उपशानं तळच नाहीसा केला. घाटाखाली महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीत हेच मासे देवाचे म्हणून गावानं राखले आहेत. तिथे कोणी गळ टाकत नाही, आणि ते हाताच्या अंतरावर येतात. कृष्णा-कोयनेत खडस लागला तर तो सोडायचाच.

मनसोक्त न्यावा असा मासा म्हणजे चिलापी. तो बाहेरून आलेला, साठलेल्या पाण्यात भराभर वाढणारा, देशी माशांच्या जागा बळकावणारा. अर्थात ठेक्याच्या पाण्यात त्यालाही संस्थेची परवानगी लागते. मांगूरच्या आफ्रिकी जातीच्या पालनाला देशात बंदी आहे. तो लागला तर परत पाण्यात सोडायचा नाही.

आणि एक गोष्ट गळाशी संबंध नसलेली, पण टाळता न येणारी. सांगलीच्या आसपास कृष्णेत मासे मरून काठाला लागल्याच्या बातम्या वरचेवर येतात. मळीमिश्रित किंवा सांडपाणी मिसळलेलं पाणी आलं की त्यातलं सेंद्रिय द्रव्य कुजवणारे सूक्ष्मजीव पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे आधी पृष्ठभागावर तोंड काढून आ वासतात, मग तरंगतात. असे मासे गोळा करून खाऊ नयेत आणि विकू तर मुळीच नयेत. वेळ, जागा आणि पाण्याचा रंग लिहून, फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी कळवावं. दुसऱ्या दिवशी पाणी पुढे निघून गेलेलं असतं आणि नमुन्यात काही सापडत नाही.

सोडायचा तर जगेल असा सोडा

सोडलेला मासा पोहत गेला म्हणजे जगला असं नाही. बरेच नंतर मरतात. कारणं तीन: गळ खोल रुतलेला, अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेलेला, आणि हवेत जास्त वेळ.

आमिषानं मासेमारी करत असाल तर साध्या गळाऐवजी सर्कल हुक घ्या. त्याचं टोक आत वळलेलं असतं. माशानं आमिष गिळलं आणि तंगूस ताणला की गळ घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. फक्त झटका द्यायचा नाही, नुसतं रील फिरवत राहायचं. सवयीनं झटका दिला की गळ तोंडातून निघून येतो आणि ‘हा गळ बेकार’ म्हणून लोक टाकून देतात. स्टेनलेसचे गळ नकोत, कारण तुटून आत राहिले तर ते गंजत नाहीत. गळाचं उलटं टोक पक्कडीनं दाबून टाकलं तर सोडवणं दोन सेकंदांचं काम.

मासा काठाशी आला की हात ओले करा. कोरडा हात, कोरडा खडक, टॉवेल यांनी अंगावरचा थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही. एक हात शेपटीच्या देठाशी, दुसरा पोटाखाली. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत. गळ घशात गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापून द्यायचा. फोटो काढायचा तर कॅमेरा तयार ठेवून मगच मासा पाण्याबाहेर, तोही दहा सेकंद. दमलेला असेल तर तोंड प्रवाहाकडे करून धरायचा. तो स्वतः शेपटी मारेल तेव्हाच सोडायचा. होडीवरून २० मीटरपेक्षा खोल पाण्यातून वर आलेल्या माशाच्या तोंडातून फुग्यासारखं काही बाहेर आलं असेल, तर ते त्याचं जठर आहे, सुईनं फोडायचं नाही. वजन लावलेल्या उलट्या, बोथट गळानं त्याला परत खोल नेऊन सोडता येतं.

मोजपट्टी जवळ ठेवा. तोंड मिटलेलं, मासा आडवा, शेपटी सरळ. काही प्रजातींत शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात, तर काहींत मधल्या खाचेपर्यंत. शंका असेल तर खाचेपर्यंत मोजा, म्हणजे चूक माशाच्या बाजूनं होईल.

भरतीचा अंदाज दिनदर्शिकेवरून घरीच काढता येतो. तिथीला तीननं गुणा आणि चारनं भागा, येतील तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, थोडं मागेपुढे. ओहोटी सव्वासहा तासांनी. भरतीचे शेवटचे दोन तास मासा खाडीच्या तोंडाशी येतो, पण त्याच वेळी मागचा खडक पाण्याखाली जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला परतीची वाट आधी बघून ठेवल्याशिवाय पुढच्या खडकावर जाऊ नका.

मग परवाना असावा का?

असावा. पैशांसाठी नव्हे, मोजदादीसाठी. नौका किती, त्यांनी किनाऱ्यावर किती टन उतरवलं, याची पाहणी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदराबंदरावर नियमित करते. रॉडवाले किती, ते काय नेतात, याचा आकडाच नाही. जे मोजलंच नाही त्याच्यावर नियम बनवणार कसा? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास माशाचा बहुतांश उपसा हौशी गळवालेच करतात, हे त्यांना कळलं ते मोजल्यामुळे. समुद्रात गळ टाकणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदणी तिथे २०१० पासून आहे, आणि तिचा हेतूच मुळी मोजणी हा आहे. तिथे १९५० च्या एका कायद्यानं गळ-रॉडवरचा कर मत्स्यसंवर्धनासाठीच वापरावा लागतो. परवान्याची रक्कम इतरत्र वळवली तर राज्याचा तो निधी धोक्यात येतो.

आपल्याकडे परवाना आला तर तो स्वस्त असावा, मोबाइलवर मिळावा, आणि सोबत काय पकडलं हे कळवायची अट असावी. ज्यांचं पोट मासेमारीवर आहे त्या कोळी बांधवांच्या आणि धरणावरच्या संस्थांच्या हक्काला त्यानं धक्का लागता कामा नये. हौशी परवान्यावर पकडलेला मासा विकायला बंदी हवी. ही अट नसेल तर हौस आणि धंदा यांतला फरक पुसला जाईल, आणि मग ही सगळी व्यवस्था निरर्थक होईल.

परवान्याची वाट न पाहता नोंद आजपासून ठेवता येते. एका वहीत तारीख, तिथी, जागा, किती रॉड किती तास पाण्यात होते, कोणता मासा, किती सेंटिमीटर, ठेवला की सोडला. यात तासांचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण ‘दहा मासे मिळाले’ यावरून काही कळत नाही; दोन तासांत दहा आणि बारा तासांत दहा यांत साठ्याची अख्खी कहाणी असते. गटातल्या पाच-सहा जणांनी एकाच खडकाची अशी नोंद दोन-तीन हंगाम ठेवली तर ती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला किंवा मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयाला खरोखर वापरता येते. मासा न लागलेले दिवसही लिहायचे, तासांसकट. ते गाळले की सरासरी फुगते आणि साठा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.